नागपूरच्या उन्हाळ्यात अवोकाडो नीट पिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले अवोकाडो आतून काळे निघतात आणि फ्रिजमध्ये ठेवले तर दगडासारखेच राहतात. दोन्हीकडे घोळ तापमानाचा आहे.

आपलं संत्रं झाडावरच पिकतं, तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. अवोकाडोचं उलट. तो झाडावर मऊ होतच नाही. तोडल्यावर इथिलीन वायू सोडू लागतो आणि त्यानंच पिकतो. आंब्याची आढी लावतो तीही हा वायू कोंडण्यासाठीच. म्हणून मी पहिल्यांदा चार अवोकाडो आंब्यासारखेच तणसात घालून माळ्यावर ठेवले. बाहेर 44 अंश. तिसऱ्या दिवशी एक कापला, तर देठाकडे करडा लगदा, खाली रबरासारखा गर, मधून तपकिरी दोरे आणि आंबूस वास. चारही टाकावे लागले. इतकं महागाचं फळ, फार जीव हळहळला.

या फळाला 18 ते 20 अंश मानवतात. 30 च्या वर पिकण्याची क्रियाच बिघडते आणि सड मात्र झपाट्यानं पसरते. त्यामुळे आता मी एसीच्या खोलीत, नाहीतर कूलरच्या खोलीत फरशीवर ठेवते. कागदी पिशवी आणि सोबत एक पिकलेलं केळं, कारण केळंही इथिलीन सोडतं. प्लास्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटतं. सगळे एकदम पिकायला नको असतील तर निम्मे केळ्याशिवाय वेगळे ठेवा. कार्बाइडची पुडी मात्र कुणी सांगितली तरी घालू नका. त्यानं फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे.

रंगावर जाऊ नका. हास जातीची साल पिकताना काळपट होते, पण हिरव्या सालीच्या कित्येक जाती पिकूनही हिरव्याच राहतात. रोज सकाळी फळ तळहातात धरून हलकेच दाबा. अंगठा रुतवला की तिथे आत डाग पडतो. देठाजवळ किंचित दबलं की त्याच दिवशी फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस छान राहतं. टणक फळ मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवू नका. गारठ्यानं गर करडा पडतो, मग बाहेर काढूनही धड पिकत नाही.

एवढं करूनही एखादं मऊ न होता चामड्यासारखं सुरकुतलं, तर ते कोवळंच तोडलेलं होतं. पुढच्या वेळी फळवाला बदलून बघा.