डीएनएचे तुकडे जुळत नाहीत?

प्रश्न : लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं) करून तो डीएनए जिवाणूंत घातला, तरी प्लेटवर त्यांच्या वसाहती चार-पाचच येतात. कुठे चुकतंय?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आधी बफर (लायगेशनसाठीचं द्रावण) बघा. तुकडे जोडणाऱ्या टी४ लायगेज या विकराला (एन्झाइमला) ऊर्जेसाठी लागणारं एटीपी बफरमध्येच असतं आणि वारंवार गोठवण्या-वितळण्यानं ते खराब होतं. उन्हाळ्यात वीज गेली की फ्रीजरमधली नळी नकळत वितळते. म्हणून नवं बफर येताच १० मायक्रोलिटरचे वाटे करा. तळाशी पांढरा साका दिसला तर नळी मुठीत धरून हलवा, विरघळतो.

मग प्रमाण. ३,००० बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी यात मोजतात) व्हेक्टर, म्हणजे वाहक डीएनए, ५० नॅनोग्रॅम असेल तर ६०० बेसजोड्यांचा इन्सर्ट, म्हणजे त्यात जोडायचा तुकडा, ३० नॅनोग्रॅम घ्या. रेणूंच्या हिशेबात ते १:३ होतं. चिकट टोकांना (एकेरी धागा बाहेर राहिलेल्या टोकांना) १६ अंश सेल्सिअसवर एक रात्र पुरते.

लायगेजविना एक नळी ठेवाच. तिच्यातूनही वसाहती उगवल्या, तर व्हेक्टर पुरता कापलाच गेलेला नाही.