झालरीच्या पोशाखातला मुलगा पोर्टफोलिओत ठेवू का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो, अकरावी सायन्सला आहे. अॅनिमेशनमध्ये जायचं आहे. माझ्या डोक्यात एक मॅजिकल गर्ल मालिका आहे, म्हणजे जादूने रूप बदलणाऱ्या मुलींच्या जपानी अॅनिमेसारखी, पण तिचा नायक मुलगा आहे. मित्र हसतात. बाबा विचारतात, 'हे दाखवून अॅडमिशन मिळणार का?' ही कल्पना पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामाच्या संग्रहात, ठेवू की काढून टाकू? सोबत तीन चित्रं पाठवतोय.

उत्तर : ठेव. पण तुझ्या तिन्ही चित्रांत मला फक्त पोशाख दिसला. मुलगा, झालरीचा स्कर्ट, हातात छडी. बघणारा हसेल आणि पान उलटेल. या मुलाच्या जागी मुलगी उभी केली तर गोष्टीतलं काय बिघडेल, हे चित्रांतून कळत नाही. ते कळलं, की मित्रांच्या हसण्याची फिकीर करायचं कारण नाही.

आधी हा प्रकार कशावर उभा आहे ते नीट बघ. 1966 च्या 'माहोत्सुकाई सॅली'त जादू आहे, 1969 च्या 'हिमित्सु नो अक्को-चान'मध्ये आरशाच्या मदतीने रूप बदलणं आलं आणि 1992 पासून 'सेलर मून'ने मुलींची लढणारी टोळी आणली. त्यातल्या टक्सिडो मास्क या मुखवटा घातलेल्या मदतनीसाचं काम आठव. गुलाब फेकायचा, धीराचे दोन शब्द बोलायचे आणि निघून जायचं. लढाई संपवते ती नायिका उसागी. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. पडद्यासमोरच्या लहान मुलीला दिसायला हवं की शेवटचा घाव तिच्यासारखीच कुणीतरी घालते. म्हणून मुलगा नायक करताना हमखास होणारी चूक अशी, की तो येतो, सगळ्यांना वाचवतो आणि टोळीतल्या मुली टाळ्या वाजवायला उरतात. मग तो साधा सुपरहिरो झाला, पोशाख तेवढा गुलाबी.

ज्यांना हे जमलं त्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. 2015 च्या 'बिनान कोको चिक्यू बोएइबू लव्ह!'मध्ये शाळकरी मुलगेच पाच, त्यांना जादू देणारा गुलाबी वॉम्बॅट. त्यातला विनोद चालतो, कारण प्रकाराचा एकही नियम ते ढिला सोडत नाहीत. गिरकी, घोषणा, प्रेमाची ताकद, सगळं गंभीर चेहऱ्याने. 2018 च्या 'माहो शोजो ओरे'त मुलगीच रूपांतरानंतर झालरी घातलेला पिळदार पुरुष होते. गंमत आहे, पण अशी गंमत पोर्टफोलिओत एका पानापुरतीच पुरते.

तुला अभ्यासायचा आहे तो 'हिरोगारु स्काय! प्रिक्युअर'मधला क्युअर विंग. प्रिक्युअर ही मॅजिकल गर्ल मालिका 2004 मध्ये सुरू झाली, तिच्यातल्या लढवय्यांच्या नावाआधी 'क्युअर' लागतं. 2018 मध्ये 'हगत्तो!'त आन्री हा फिगर स्केटिंग करणारा मुलगा क्युअर इन्फिनी झाला, पण तो टोळीचा कायमचा सदस्य नव्हता. नेहमीच्या टोळीत पहिला मुलगा 2023 मध्ये आला, त्सुबासा, म्हणजेच क्युअर विंग. तो मुळात पक्षी आहे, तोही उडता न येणाऱ्या जातीचा, आणि उडायला मिळावं म्हणून विमानविद्या शिकतोय. त्याची जादू त्याच्या हट्टातून येते, मुलगा असण्यातून नाही. तुझ्या नायकासाठी अशी एक ओळ लिही : त्याला काय हवंय, आणि ते आज का मिळत नाहीये. ती ओळ सुचत नाही तोवर पेन्सिल उचलू नकोस.

मग प्रकाराचे नियम कागदावर मांड : गुपित, बोलका सोबती, जादूची वस्तू, रूपांतर, दिवसाची साधी अडचण आणि संध्याकाळची लढाई एकाच गाठीने बांधलेली. यातला एकच नियम मोड. दोन-तीन मोडलेस तर बघणाऱ्याला मूळ प्रकारच ओळखू येणार नाही.

आता रूपांतर. तुझी खरी परीक्षा इथे आहे. जपानी स्टुडिओत अशा दृश्याला 'बँक' म्हणतात : एकदा मेहनतीने काढून ठेवायचं आणि भागामागून भाग वापरायचं. कॅमेरा जादूच्या वस्तूवर रेंगाळतो त्यालाही कारण आहे, तीच वस्तू खेळण्याच्या दुकानात विकायची असते. तू 12 सेकंदांचं दृश्य धर. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे 288. एक चित्र तीन फ्रेम टिकवलंस तरी 96 चित्रं. अकरावीत हे सगळं करायला जाऊ नकोस. 15 मुख्य पोझ काढून 12 सेकंदांचं अॅनिमॅटिक, म्हणजे स्थिर चित्रं वेळेनुसार जोडलेला कच्चा व्हिडिओ, कर आणि त्यातले फक्त 3 सेकंद पूर्ण हलते कर. 72 फ्रेम, 24 चित्रं. एका चित्राला पाऊण तास धरला तर 18 तास, म्हणजे सहा-सात रविवार. क्रिटा किंवा ओपनटूंझ ही सॉफ्टवेअर पुरेत, दोन्ही फुकट आहेत.

बिघडतं कुठे? मधली चित्रं समान अंतरावर टाकली की गिरकी लिफ्टसारखी सरकते. सुरुवातीला आणि शेवटी चित्रं जवळजवळ, मध्ये लांब ठेव. झालर शरीराबरोबरच थांबली तर पुठ्ठ्याची वाटते. शरीर थांबल्यावर ती दोन चित्रं उशिरा थांबू दे. पोशाख एकदम अवतरू नये, मनगटावरच्या एका बिंदूपासून फीत सुटावी आणि तिथूनच कापड वाढत जावं. शेवटची पोझ किमान 18 फ्रेम स्थिर ठेव, नाहीतर आकार डोळ्यांत भरतच नाही. तो आकार पूर्ण काळा भरून तीन सेंटिमीटर उंचीचा करून बघ. मुलगा, वस्तू आणि हालचालीची दिशा तिन्ही ओळखू यायला हवीत. आणि खांदे-दंड फुगवू नकोस. नायक बारा वर्षांचा असेल तर उंची डोक्याच्या साडेपाच ते सहा पट, त्याच अंगाला पोशाख बसव.

पोर्टफोलिओची पानं बारा पुरेत. त्यातली यासाठी चारच : ती एक ओळ आणि नियम, चारही बाजूंनी पात्र, चेहऱ्याचे भाव, रूपांतराच्या पोझ. उरलेली आठ पानं डोळ्यांसमोरच्या माणसांची आणि जागांची. सांगलीच्या एसटी स्टँडवर उभं राहून दोन-दोन मिनिटांची रेखाटनं कर, हळदीच्या बाजारात पोतं उचलणाऱ्याची पाठ काढ. नुसते मोठे डोळे आणि टोकदार केस पाठवणारे पुष्कळ असतात. वजन कुठल्या पायावर आहे हे ज्याला दाखवता येतं, त्याचं पान थांबून बघितलं जातं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत पोर्टफोलिओ बघतच नाहीत. चित्रकलेचा वेगळा भाग असतो आणि बाकी निरीक्षण, तर्क, आकारांची समज. ती साधारण जानेवारीत असते. बारावीच्या वर्षी आणि फार तर त्याच्या पुढच्या वर्षी देता येते. एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची, डॅट ही प्रवेश परीक्षा प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन टप्प्यांत होते. दोन्हींना सायन्स सोडायची गरज नाही, म्हणजे घरातला एक वाद तिथेच मिटतो. पोर्टफोलिओ कामाला येतो तो काही खासगी संस्थांत आणि पुढे इंटर्नशिप मागताना.

जपानचं स्वप्न असेल तर जपानी आत्तापासून शिक. स्टुडिओतलं रोजचं काम जपानीतच चालतं. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. एन5 या सर्वांत सोप्या पातळीपासून सुरुवात कर.

तिन्ही चित्रं परत पाठवतोय. दुसऱ्या चित्रातला डावा हात चांगला आहे, छडीची पकड घट्ट आणि खरी वाटते. नवी पोझ त्या हातापासून सुरू कर.