खळ, कागद आणि न तुटणारी शिरोरेषा

तुमच्या गल्लीत फुटपाथवर गाड्या लावतात, म्हणून तुम्हा चौघी मैत्रिणींना भिंतीवर हाताने केलेलं, गमतीचं पोस्टर लावायचंय. खळ कशी करायची आणि सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलंयस. मी पुण्यात दहा-बारा वर्षं हे करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात कालव. गुठळ्या पूर्ण मोडायला हव्यात. चार वाट्या पाण्याला उकळी फुटली की हे मिश्रण बारीक धारेने सोड आणि हात न थांबवता ढवळ. पांढुरकेपणा जाऊन किंचित चकाकी आली की झाली. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून कढीइतकी पातळ असतानाच उतरव. लवकर आंबते, तेव्हा लागेल तेवढीच कर. जुने बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते अजिबात घालू नकोस. खळीचा कागद गायी-शेळ्या ओढून खातात, आणि मोरचूद विषारी असतं. फेव्हिकॉलही नको, कारण मग कागद काढताना भिंतीचा रंगही खरवडला जातो.

कागद पातळ घे, 70-80 जीएसएमचा, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाइतका. इंकजेटची शाई आणि पोस्टर कलर ओलाव्याने पसरतात. झेरॉक्स किंवा ॲक्रिलिक टिकतं. चुन्याच्या कुंचल्याने भिंतीवर खळ लाव, कागद वरच्या कडेपासून टेकवत आण, मधून बाहेर हवा काढ आणि वरून पुन्हा पातळ हात दे. सुरकुत्या पडल्या तर लगेच उपटू नकोस. ओला कागद फुगतो, वाळताना बराचसा ताणून बसतो. पोपडे सुटलेली भिंत मात्र सोडून दे.

हे सगळं एका संध्याकाळी जमतं. वेळ लागतो तो मजकुराला. 2019 मध्ये पॅरिसमध्ये बायकांनी स्त्रियांच्या हत्यांविरुद्ध भिंतींवर वाक्यं लावायला सुरुवात केली: पांढऱ्या ए-फोर कागदावर काळं अक्षर, एका कागदावर एकच. रस्त्यापलीकडूनही वाचता येतं आणि प्रेसची गरज पडत नाही. आम्हीही तसं करून पाहिलं, पण कागदांमध्ये बोटभर फट ठेवली. रोमन लिपीत अक्षरं सुटी चालतात. आपली शिरोरेषा तुटली आणि शब्दच वाचता येईना. एका रिक्षावाल्या काकांनी थांबून विचारलं, ‘काय लिहिलंय हे?’ तेव्हापासून आम्ही कागद कडेला कडा भिडवून लावतो आणि शिरोरेषा सगळ्या कागदांवर एकाच उंचीवर आधी पेन्सिलीने आखतो. वेलांटी आणि मात्रेसाठी वर चार बोटं जागा सोडतो. जोडाक्षर कधीही दोन कागदांत फोडत नाही.

गमतीचं म्हणालीस ते मला फार आवडलं. न्यूयॉर्कच्या ‘गुरिल्ला गर्ल्स’ 1985 पासून गोरिलाचे मुखवटे घालून कलाजगतातल्या भेदभावाविरुद्ध पोस्टर लावत आल्या. त्यांच्याकडे विनोद असे आणि शेजारी खणखणीत आकडेही. तुमच्या गल्लीसाठी मी काठी टेकत चालणारी, खऱ्या उंचीची आजी काढेन. ए-थ्रीचे आठ-दहा तुकडे जोडून होईल. शेजारी दोनच शब्द: ‘वाट द्या.’ ती फुटपाथच्याच पातळीवर उभी दिसली पाहिजे, म्हणजे गाडी लावणाऱ्याला तिच्या पायांवर चाक घातल्यासारखं वाटेल. शिव्या देणारं पोस्टर दुसऱ्या दिवशी फाटलेलं मी पाहिलंय. आजीला हात लावताना माणूस थबकतो.

भिंतीची परवानगी मात्र लेखी घे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे, आणि सोसायटीच्या सचिवांची दोन ओळींची चिठ्ठी खिशात असली की पोलिसांशी बोलणं सोपं जातं. झाडं, दगडी वारसावास्तू आणि विजेचे डीपी बॉक्स सोडा. दिवसाउजेडी लावा, येणारेजाणारे थांबतात, विचारतात, कधी कोणी शिडी धरतं. आठवड्याने जाऊन कडा सुटल्यात का बघा. फाटकं झालं की कोमट पाणी मारून तुम्हीच काढा, म्हणजे पुढच्या वेळी तीच भिंत पुन्हा मिळेल.

आजीचं चित्र तुमच्यात कोण काढणार आहे? कच्चं रेखाटन झालं की इथे टाक. तुकडे कुठे पाडायचे ते आखून देतो.