एकसारखी टिक-टिक पुरत असेल तर ताल आणि ठेके कशाला हवेत?

तुमचा प्रश्न असा की, गाणं लयीत ठेवायला मेट्रोनोमची (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राची) टिक-टिक पुरते, मग संगीतात इतके वेगवेगळे ताल कशासाठी वापरतात? मी तबला वाजवतो, तेव्हा तबल्यापासूनच सुरुवात करतो.

टिक-टिक वेग सांगते, पण आत्ता आपण आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, कुठे आहोत हे सांगत नाही. ते ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, सांगतो. तीनतालाच्या 16 मात्रा (ठोके) म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या भांड्याचा) घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. तो परत आला की गायकाला एकही मात्रा न मोजता कळतं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली.

विलंबित एकतालात हे आणखी स्पष्ट दिसतं. मात्रा 12च, पण लय इतकी संथ ठेवता येते की एका आवर्तनाला मिनिटभर सहज लागतं. एवढ्या वेळात गायक मोजत बसला तर गाणार काय? त्याचा कान ‘तिरकिट’कडे असतो. तो बोल चौथ्या आणि दहाव्या मात्रेला येतो. पहिल्यानंतर ‘तू ना’ ऐकू आलं तर अजून निम्मं आवर्तन बाकी आहे, निवांत विस्तार करा. दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आलं की मुखडा (समेवर नेणारी गाण्याची ओळ) उचलायची वेळ झाली. ख्याल ऐकताना मला सगळ्यात जास्त आनंद या जागेचा होतो; गायक आणि तबलजी एकमेकांकडे न बघताही एकत्र समेवर येतात.

म्हणूनच मात्रांची संख्या एक असली तरी ताल एक होत नाही. दीपचंदी आणि धमार दोन्ही 14 मात्रांचे. दीपचंदीचे खंड (मात्रांचे गट) 3-4-3-4, ती ठुमरी-होरीत खुलते. धमाराचे 5-2-3-4, तो पखवाजावरचा, भारदस्त. एकाची बंदिश दुसऱ्यात बसवून बघा, शब्दांचे आघात लगेच भलतीकडे पडतात. सात मात्रांचंही तसंच. आपला रूपक 3-2-2, त्यात लांब खंड आधी आणि समेलाच खाली (टाळी न देता हात नुसता फिरवायची जागा). बल्गेरियातलं रचेनित्सा नावाचं नृत्य 2-2-3 वर चालतं, तिथे लांब पाऊल शेवटी. बेरीज सातच, पण अंगाला जाणवणारा झोका पूर्ण वेगळा.

क्यूबाच्या संगीतात आवर्तनातली जागा दाखवायचं हे काम दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारी क्लावे करते. 16 बारीक ठोक्यांमध्ये फक्त पाच आघात, 3-3-4-2-4 अशा अंतरांनी. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. गाण्याची चाल ‘तीन’च्या बाजूने जाते की ‘दोन’च्या, हे ठरलेलं असतं आणि बाकीची वाद्यं त्याला धरून वाजतात. बाजू उलटली की वेग बरोबर असूनही जाणकारांना ते खटकतं.

एकदा आवर्तनातली ही जागा श्रोत्याच्या कानात पक्की बसली की कलाकार तिच्याशी खेळू शकतो. तिहाई हे त्याचं सोपं उदाहरण. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तीनतालात समेपासून तीनदा वाजवा, मध्ये एकेक मात्रा थांबा. 5+1+5+1+5 म्हणजे 17, म्हणून तिसरा ‘धा’ थेट पुढच्या समेवर पडतो. आधीचे दोन ‘धा’ पाचव्या आणि अकराव्या मात्रेला येतात. त्यातला पहिला टाळीवर बसतो, दुसरा खालीच्या भागात पडतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभर अस्थिर करतो. नुसत्या टिक-टिकीवर हेच वाजवलं तर त्यात काहीच गंमत उरत नाही, कारण कुठे पोहोचायचं हे कुणालाच माहीत नसतं.

स्वतः अनुभवायचं असेल तर मध्यलयीतला तीनताल लावा आणि मात्रा अजिबात मोजू नका. फक्त डग्गा कधी गप्प होतो आणि कधी परत बोलतो तेवढं ऐका, आणि तो परतल्यावर समेवर टाळी द्यायचा प्रयत्न करा. ते जमलं की मग रूपकाकडे वळा.