कंदील विझला नाही, मग विहिरीत उतरायला काय हरकत?

प्रश्न : आमची विहीर करवीर तालुक्यात, ४० फूट खोल. गाळ काढायचाय म्हणून पाणी उपसतोय, दिवसा लाईट नसते त्यामुळं भाड्यानं पेट्रोल इंजिन आणलं, पण ते वरून पाणी ओढेना म्हणून दोरानं आतल्या टप्प्यावर सोडलं. परवा तासाभरातच गड्याचं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, वर आल्यावर बरं वाटलं. घरचे म्हणतात ऊन बाधलं. आधी कंदील सोडून बघितलेला, विझला नव्हता. काम चालू ठेवू का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : नको दादा, काम आजच थांबवा. इंजिन दोरानं वरूनच ओढून घ्या, त्यासाठी कुणाला आत उतरवू नका. सावलीतल्या विहिरीत ऊन कुठलं बाधतंय, मला तर हा इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडचाच त्रास वाटतो. ह्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो पण अंगाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि पाय लटपटायला लागले की शिडी चढणंही जमत नाही. कंदील फक्त ऑक्सिजन फार कमी झालाय का तेवढंच सांगतो, माणूस मरेल इतका हा वायू असला तरी तो मजेत जळत राहतो. तोंडाला ओला रुमाल बांधूनही हा वायू अडत नाही.

वरचा पंप २०-२२ फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही, त्यामुळंच लोक इंजिन आत सोडतात हे मलाही माहितीय. पण विजेवरचा सबमर्सिबल मडपंप भाड्यानं मिळतो, तो आत सोडा आणि जनरेटर वर, काठापासून लांब, धूर विहिरीकडं येणार नाही असा ठेवा. पंप चालू असताना पाण्यात माणूस नको, शॉकची भीती असते. खोपीत दार लावून कोळशाची शेगडी ठेवणाऱ्या ऊसतोड मंडळींनाही ह्या वायूचं सांगा, तिथं तर लहान लेकरं झोपलेली असतात.

आत कुणी पडलाच तर पाठोपाठ उडी टाकू नका हो, वाचवायला गेलेलेच जास्त जातात. दोर आधीच कमरेला बांधलेला असेल तर ओढा, १०८ ला आणि १०१ ला फोन लावा.

गड्याला मात्र आजच कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात न्या आणि इंजिनच्या धुरात होता हे आपणहून सांगा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ह्यात चांगलाच आकडा दाखवतं. पुढच्या काही आठवड्यांत विसरभोळेपणा किंवा चालताना तोल जाणं दिसलं तर परत दाखवा.