नवऱ्याने फोन उचलला नाही आणि वाटलं, प्रभू येऊन गेला

मावशी, जय ख्रिस्त. मी ३८ वर्षांची, नगर जिल्ह्यात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. चर्चला लहानपणापासून जाते, पण लॉकडाऊनमध्ये एका ऑनलाइन प्रार्थना ग्रुपमध्ये आले, तिथे रोज युद्धाचे, भूकंपाचे, शेवटच्या दिवसांचे व्हिडिओ येतात आणि ब्रदर सांगतात की प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार, वेळ अगदी थोडा राहिलाय, तयार राहा. मागच्या महिन्यात नाइट करून सकाळी घरी आले तर दाराला कुलूप, मिस्टर फोन उचलेनात, मुलगाही नाही. मला पहिलं काय वाटलं असेल तर हे दोघं उचलले गेले आणि मी मागे राहिले. जिन्यात बसून रडले. ते दूध आणि इडलीचं पीठ आणायला गेले होते. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ उपास-प्रार्थनेत राहावं असं वाटतं. ब्रदर म्हणतात पैसा इथेच जळून जाणार, सेवेला द्या, तर माझी दोन लाखांची एफडी मोडू का? मुलगा दहावीला आहे, त्याला म्हटलं एवढं टेन्शन घेऊ नकोस, प्रभू येणारच आहे, त्यावरून मिस्टर भडकले. ते चर्चला नाताळ आणि ईस्टरलाच येतात, त्यांचं काय होणार? आणि हो, जावेशी दोन वर्षं बोलणं नाही, सासूबाईंच्या पाटल्यांवरून, पण तो वेगळा विषय आहे. मी तयार कशी होऊ?
— मागे राहायची भीती वाटणारी

अगं बाई, जय ख्रिस्त. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू, इडलीच्या पिठापाशी हसू आलं, पण जिन्यात बसलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि हसू गेलं. नाइट ड्युटी करून आलेल्या बाईला सकाळी सातला आधी चहा मिळायला पाहिजे, जगाचा शेवट नाही.

आधी एक स्पष्ट करते म्हणजे तुला वाटायला नको की मावशीचा यावर विश्वासच नाही. आहे. दर रविवारी आपण उभं राहून म्हणतो ना, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, ते मी तोंडदेखलं म्हणत नाही. नाताळच्या आधीचे जे चार आगमनाचे रविवार असतात त्यातल्या पहिल्या रविवारचं शुभवर्तमान बघ, त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तो परत येणार तेच वाचलं जातं. तेव्हा वाट बघणं हे काही तुझ्या ग्रुपने नव्याने शोधून काढलेलं नाही, आपल्या आज्या वाट बघतच गेल्या. प्रश्न वाट बघण्याचा नाहीच, तू ज्या पद्धतीने बघतेयस त्याचा आहे.

तू झोपत नाहीस कारण तुला वाटतं झोपले तर चुकेन. आता वराला घ्यायला दिवे घेऊन निघालेल्या दहा कुमारींचा दाखला काढ, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय. आपल्याला संडे स्कूलपासून एवढंच डोक्यात बसलंय की पाच शहाण्या जाग्या होत्या आणि पाच मूर्ख झोपल्या. नीट वाच. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणींना डुलक्या लागल्या आणि सगळ्या झोपल्या, शहाण्या पण! प्रभूने त्यांना झोपेबद्दल एक शब्द बोललेला नाही. फरक तेलाचा होता, आणि ते शहाण्यांनी झोपायच्या आधी भरून घेतलं होतं. म्हणून तू नाइटवरून आलीस की खुशाल झोप, पडदे ओढून झोप.

आता तारखा आणि चिन्हं. तुझ्या ब्रदरांनी अजून तारीख दिलेली नाही असं दिसतंय, पण 'फार थोडा वेळ' म्हणत राहिलं की त्याचाही परिणाम तोच होतो. हे नवीन नाहीये गं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, त्याने बायबलमधून हिशोब मांडून प्रचार सुरू केला आणि शेवटी त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं म्हणून. २३ तारीख उजाडली आणि पीक तिथेच उभं. दक्षिण कोरियात १९९२ मध्ये २८ ऑक्टोबरची तारीख निघाली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, आणि ज्या पास्टरने हे चालवलं त्याच्याकडे पुढच्या वर्षी पैसे देणारे बाँड सापडले, म्हणजे लोकांना सांगायचं जग ऑक्टोबरात संपतंय आणि आपली गुंतवणूक पुढच्या वर्षाची! फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. कॅलिफोर्नियाच्या हॅरोल्ड कँपिंगने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, मोठमोठे फलक लागले, मग ती ऑक्टोबरवर ढकलली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच लेखी कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. बरं झालं कबूल केलं, पण ज्यांनी साठवलेलं सगळं देऊन टाकलं त्यांचं काय.

प्रभू स्वतः म्हणाला, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. तरी पुत्राला जे ठाऊक नव्हतं ते यूट्यूबवर कळतं म्हणे.

आणि भूकंप-लढायांबद्दल तो काय म्हणाला ते ग्रुपवर अर्धंच येतं. लढायांच्या बातम्या ऐकाल, याच्या लगेच पुढे 'सांभाळा, घाबरू नका' आहे, आणि 'एवढ्यात शेवट नाही' आहे. तो अर्धा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही कारण त्याने कुणी घाबरत नाही.

थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचं तर अगदी तुझ्यासारखंच झालं होतं. कोणीतरी प्रेषित पौलाच्या नावाने पत्र फिरवलं असावं की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय, म्हणजे त्या काळचा फेक फॉरवर्डच, आणि लोक बिथरले, काही जण कामधंदा सोडून इकडेतिकडे करत बसले. पौलाने त्यांना काय लिहिलं? रात्रभर जागा असं नाही लिहिलं. शांत राहा, आपापला उद्योग करा, आपल्या हातांनी काम करा, आणि काम करायचं नसेल तर खाऊही नका. प्रभूच्या येण्याबद्दल सगळ्यात जास्त ज्या पत्रांत आहे त्याच पत्रांत हे आहे बरं का.

त्यामुळे नोकरी सोडायचा विचार सोड. मत्तय २५ उघडलंच आहेस तर दोन पानं पुढे जा, न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो ते बघ. किती उपास केले, किती भाकितं पाठ आहेत, हे विचारत नाही. मी भुकेला होतो, तहानलेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आला. आजारी होतो! तू रात्री तीन वाजता कुणाच्या तरी आजोबांची कूस बदलतेस, बेडसोअर होऊ नये म्हणून पाठीला पावडर लावतेस, सलाइनची सुई निघाली म्हणून रडणाऱ्या पोराचा हात धरतेस, आणि मला विचारतेस तयारी कुठे करू? त्या गोष्टीतली मजा अशी की ज्यांना राजा या म्हणतो त्यांना पत्ताच नसतो आपण काही केलंय, ते उलट विचारतात, प्रभू, तू आजारी कधी होतास.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बघ ना. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक जागरण झालं ते तू ऐकलं असशील, मुली तासन् तास प्रार्थनेत रडत होत्या, पश्चात्ताप करत होत्या. पण रमाबाईंनी त्यासाठी शेती बंद केली नाही, विणकाम बंद केलं नाही, छापखाना चालूच होता, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायांच्या जेवणाची सोय रोज व्हायचीच. आणि बाई स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करत बसायच्या, १९२२ ला गेल्या तोपर्यंत ते काम ओढत नेलं. प्रार्थना आणि भाकरी एकाच आवारात. मला वाटतं आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना तयारीचा यापेक्षा चांगला नमुना शोधायला लांब जायला नको.

आता मी त्या विषयावर येते जो तू म्हणतेस वेगळा आहे. जाऊबाई.

तू एक बघ. तू रोज प्रार्थना करणारी, उपास करणारी. नवरा वर्षातून दोनदा चर्चला येणारा. आणि कुलूप बघितल्यावर तुझ्या मनाने काय ठरवलं? तो गेला आणि मी राहिले! व्हिडिओंच्या हिशोबाने तर उलटं वाटायला हवं होतं. म्हणजे आत कुठेतरी तुला माहीत आहे की काहीतरी अडकलंय, आणि ते काय आहे ते तू पत्राच्या शेवटी 'आणि हो' म्हणून घुसडलंयस. असं शेवटी घुसडलेलंच बहुतेक वेळा खरं दुखणं असतं, एवढ्या वर्षांत पत्रं वाचून मला हे कळलंय.

प्रभूने परत येण्याबद्दल जे दाखले सांगितले त्यात एक चाकराचा आहे, मत्तय २४ च्या शेवटी. धनी बाहेर गेलाय, चाकराला सांगून गेलाय की घरातल्यांना वेळेवर खायला घाल. विश्वासू चाकर कोण, तर धनी येईल तेव्हा जो हेच करताना सापडेल तो. आणि वाईट चाकर काय करतो? धन्याला उशीर लागणार म्हणतो आणि आपल्या सोबतीच्या चाकरांना मारायला लागतो. बघितलंस? धनी आल्यावर तपासतो ते हेच, की घरातल्या बाकीच्यांशी कसा वागलास. आणि तुम्ही दोघी एकाच चर्चमध्ये, माझी खात्री आहे की दोन टोकांच्या बाकांवर बसत असणार, आणि प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभ्या राहत असणार एकमेकींकडे न बघता.

मी असं म्हणत नाही की पाटल्या सोडून दे. सोन्याचा आजचा भाव बघता मीही सोडल्या नसत्या. हक्क असेल तर हक्काने बोल, मोठ्या दिरांना, पाळकसाहेबांना मध्ये घे, अर्ध्या-अर्ध्या करा नाहीतर मोडून वाटून घ्या, तो व्यवहार आहे, तो व्यवहारासारखा करा. पण दोन वर्षांचा अबोला हा व्यवहार नाही. वेदीपाशी अर्पण तसंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे प्रभूचं वाक्य आहे, आणि ते त्याच्याबद्दल आहे ज्याला आठवलंय की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. चूक कुणाची ते तिथे विचारलेलंच नाही.

फोन कर. मेसेज नको, मेसेजला ब्लू टिक दिसली आणि उत्तर नाही आलं की तू परत रात्रभर जागणार. फोनवर पाटल्यांचं नाव काढू नकोस. 'ताई, सासूबाईंच्या पुण्यतिथीला कबरीवर एकत्र जाऊ या का', एवढंच विचार. तिने फोन ठेवून दिला तर? ठेवू दे. रोमकरांसच्या पत्रात 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असं लिहिलंय, तुझ्याकडचं झालं, पंधरा दिवसांनी परत एकदा विचार.

बाकीचं पटापट सांगते. एफडी मोडायची नाही. दशांश द्यायचा तर तुझ्या चर्चमध्ये दे, जिथे पावती मिळते आणि वार्षिक सभेत हिशोब वाचला जातो. जो म्हणतो पैसा जळणार आहे त्याला तो स्वतःच्या खात्यात कशाला हवाय, हे ब्रदरांना एकदा ग्रुपवर विचारून बघ, बहुतेक ग्रुपमधून तुला बाहेर पडावं लागणारच नाही, ते काढतील. नाही काढलं तर तूच पड. मुलाला आज जवळ घेऊन सांग की मी चुकीचं बोलले, तू अभ्यास कर, गणिताचे पेपर सोडव. दहावीतल्या पोराला आईने जगाच्या शेवटाचं कारण दिलं तर तो मोबाइल घेऊन बसेल, प्रार्थनेला नाही बसणार!

आणि तू नर्स आहेस म्हणून तुला हे मुद्दाम सांगते. महिनाभर झोप नाही, एकटीने रडणं, मनात सारखा तोच विचार, हे पेशंटने सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? डॉक्टरांना दाखवा म्हणाली असतीस. मग दाखव. १४४१६ ही सरकारची टेलिमानस नावाची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. विश्वास कमी आहे म्हणून गोळी लागते असं कुणी म्हणालं तर त्याला विचार की बीपीची गोळी घेतो का.

राहिले मिस्टर. त्यांचं काय होणार ते तुला-मला ठरवायचं नाही, प्रभूच्या दाखल्यातलं गहू आणि निदण, म्हणजे तण, वेगळं करायचं काम कापणीपर्यंत कुणालाच दिलेलं नाही. त्यांना व्हिडिओ पाठवणं बंद कर, 'तुम्ही मागे राहाल' हे तर अजिबात नको. नाइट करून आलेल्या बायकोला इडली मिळावी म्हणून जो माणूस सकाळी सातला पोराला घेऊन पीठ आणायला जातो त्याच्याशी आधी दोन वाक्यं प्रेमाची बोल, आणि रविवारी चर्चला निघताना नुसतं विचार, येता का. येईल तर येईल, नाही आला तर परत पुढच्या रविवारी विचार. आणि हो, सकाळी बाहेर पडताना फोन सोबत न्यायला सांग त्यांना.