एफडी मोडून पेनं कातायची का?

चिंचवडच्या एका वाचकाचा प्रश्न: वय 34, कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, पगार 38,000 रुपये, घरखर्च 29,000, बायको आणि चार वर्षांची मुलगी. घरी छोट्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, गाठीच्या लाकडाची पेनं करतात. आठ महिन्यांत 46 विकली, 1,500 रुपयांना एक. आता नोकरी सोडून 6 लाखांची एकुलती एक एफडी मोडायची, 1.8 लाखाचा लेथ घ्यायचा आणि 1.2 लाखाचं कोकोबोलो वगैरे परदेशी लाकूड मागवायचं, असा बेत आहे.

तुम्ही हिशोब प्रामाणिकपणे पाठवलात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. पेनाच्या तयार सुट्या भागांचं किट 350, लाकूड 250, गोंद-पॉलिशपेपर-फिनिश 60, डबी 70, कुरियर 80. झाले 810. पण तुम्हीच लिहिलंय की दर पाचातलं एक लाकूड फुटतं. ड्रिल पलीकडे निघताना गाठीची खपली उडते आणि तुकडा गेला. तो तुकडा उरलेल्या चौघांवर चढवला की खर्च 870 च्या आसपास जातो. हातात राहतात 630. पगाराइतकी कमाई हवी तर महिन्याला साठ पेनं विकायला हवीत. सध्या सहासुद्धा होत नाहीत, आणि त्या 46 पैकी 31 नातेवाइकांनी आणि कंपनीतल्या मित्रांनी घेतली आहेत. साठ पेनं तुमचे हात करतील, त्याची मला शंका नाही. ती घेणार कोण?

म्हणून नोकरी सोडू नका. शिवाय तुम्हाला या कारखान्यात चार वर्षं दोन महिने झालेत. पाच पूर्ण केलीत की ग्रॅच्युइटी मिळते. 20,000 मूळ पगारावर ती साधारण 57,700 होते. दहा महिन्यांसाठी ती सोडणं मला तरी परवडलं नसतं. कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या.

एफडीतले 1,74,000, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, नाहीच असं समजा. मोठा लेथ आत्ता नको. धूळ ओढणारं यंत्र आणि चांगला मास्क मात्र आधी घ्या, शिसवीच्या भुशाने अंगावर पुरळ आणि दम्यासारखा त्रास होऊ शकतो. त्यासाठी पैसे कमी पडले तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर थोडं कर्ज काढा.

परदेशी लाकडाचा तर मी सरळ विरोधच करेन. कोकोबोलो आपल्या शिसवीच्याच वंशातलं (डाल्बर्जिया). तो सगळा वंश 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे तिकडून निघताना परवाना लागतो. त्यात लाकडातून कीड-रोग येत नाहीत हे दाखवणारे क्वारंटाइनचे कागद. 1.2 लाख गोदामात अडकलेले परवडतील का? बाभूळ, चिंच, आंबा यांच्या गाठी वखारीत किंवा सॉमिलवर मिळतात. बऱ्याचदा त्या जळणातच जातात. माझ्याकडे बाभळीच्या गाठीचं एक पेन आहे, पावसाळ्यात टोपण घट्ट बसतं एवढीच तक्रार. तेव्हा लाकूड नीट वाळवा. परराज्यात माल पाठवण्याआधी जीएसटी नोंदणीचं सीएला विचारून घ्या.

आणि भाव वाढवा. पुढची दहा पेनं 2,200 ला लावा, ओळखीच्यांना अजिबात विकू नका. दिवाळीनंतर अनोळखी माणसांनी किती घेतली, तेवढा एकच आकडा मला कळवा.